डाव्या हाताची गोष्ट

उज्जू,

परवा तुझ्या शोकसभेत एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "उज्ज्वलाताई अतिशय हसतमुख होत्या." मी मागच्या रांगेत बसले होते. सवयीने मान तुझ्याकडे वळली, तर शेजारच्या खुर्चीवर कोणाची तरी पर्स होती. माणूस मेला की त्याला आपोआप चिकटणाऱ्या विशेषणांची आपण एक यादी केली होती. त्यात हसतमुख पहिलं आणि मनमिळाऊ दुसरं. तू हसतमुख कधीच नव्हतीस. तुझा चेहरा कायम गॅस संपल्यासारखा असायचा, आणि त्याच चेहऱ्याने तू असं काही बोलायचीस की समोरच्याला हसता हसता ठसका लागायचा. त्या गृहस्थांवर तू काय म्हणाली असतीस, ते सुचतंय का, हे पाहायचा मी सभाभर प्रयत्न केला. काही सुचलं नाही.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. लोक मला भेटतात, खांद्यावर हात ठेवतात. "तुम्ही दोघींनी किती हसवलंत, किती घाबरवलंत," म्हणतात. मी मान हलवते. त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही की श्रावणात तू मला फोन करून, आपण मरतोय, हे नीट सांगितलं होतंस. मला ती तुझी नवी गोष्ट वाटली आणि मी तुला सूचना दिल्या. सुरुवात छान आहे म्हणाले. मधलं काय कापायचं तेही सांगितलं. हे लिहायला बसलेय ते तेवढ्यासाठी. तुझ्या घरी मी हे अर्धंच सांगितलंय, तुला पूर्ण सांगायचं आहे. पण तुला ठाऊक आहे, दुसऱ्याला तोडून बोलायला मला येतं, स्वतःविषयी बोलायची वेळ आली की मी गावभर फिरून येते. तेव्हा आधी जरा फिरू दे.

आपली ओळख झाली त्या वर्षी शनिवार पेठेतल्या आमच्या गणेश मंडळाने भूतबंगल्याचा जिवंत देखावा करायचं ठरवलं होतं. माझ्याकडे दोन कॅसेटचा डेक होता आणि मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, एवढ्यावरून मंडळाने आवाजाचं काम माझ्या गळ्यात मारलं. किंकाळीसाठी बाई मिळत नव्हती. पेठेतल्या सगळ्या बायका घरात उत्तम किंचाळायच्या, पण माइकसमोर उभं केलं की घसा साफ करायच्या. मग कोणीतरी तुला आणलं. यवतमाळकडची, एम.ए. मराठीला असलेली, गल्लीच्या टोकाच्या घरात खोली घेऊन राहणारी. तू माइककडे पाहिलंस आणि मला विचारलंस, "किंकाळी कायची पायजे? पाल पाहिल्याची का नवरा मेल्याची? दोन्ही अलग असतात."

मी म्हटलं, दोन्ही मारून दाखवा. तू पहिलीच अशी मारलीस की मंडळाच्या अध्यक्षांच्या हातातला चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला, आणि किंकाळी संपायच्या आत तुझं हसू सुटलं. ते टेपवर आलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, आपण किंकाळी मागितली होती. हसण्याचं कंत्राट दिलेलं नाही." मी म्हणाले, हसू राहू द्या. तसं का म्हणाले, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. दहा दिवस रांगा लागल्या. लोक खिदळत बाहेर यायचे आणि चार पावलं गेल्यावर मागे वळून बघायचे. आपण दोघी समोरच्या ओट्यावर बसून ते मागे वळणं मोजायचो. तू म्हणालीस, "हसला का माणूस मोकळा होते नं, तवाच भेव आत शिरते." पुढची पंचवीसेक वर्षं आपण याच एका वाक्यावर काढली.

तुझ्या खोलीत आपण दुपारी रेकॉर्डिंग करायचो, कारण मला क्लास सकाळ-संध्याकाळ असायचा. खिडक्यांत गोधड्या कोंबायच्या, पंखा बंद करायचा आणि घामाने निथळत वेताळाचे संवाद म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दाराला चिठ्ठी लागली. तळमजल्यावरच्या सबनीसांचं अक्षर: 'भुतांनी दुपारी एक ते चार या वेळेत किंचाळू नये. येथे माणसे झोपतात.' तू खाली लिहिलंस, 'भुतांना रात्री वेळ आहे. चालेल का?' दुसऱ्या दिवशी उत्तर, 'रात्री नऊनंतर भुतांनीही झोपावे.' शेवटी चार ते सहा ठरलं. त्यातही आठवड्याभराने सबनीस स्वतः वर आले. आपल्याला वाटलं आता खोली जाते. ते म्हणाले, "तुमची ती हडळ शब्द खाते. खालपर्यंत नीट ऐकू येत नाही. किंचाळा, पण स्पष्ट किंचाळा." त्यानंतर बरीच वर्षं आपला पहिला श्रोता तोच माणूस होता.

किती भुतं केली आपण! टेलिफोनसाठी नंबर लावून बारा वर्षं थांबलेला आणि फोन आला त्या सकाळी गेलेला माणूस. तो पावती घेऊन कचेरीत येतो आणि कारकून म्हणतो, मयताची सही चालेल, पण दोन प्रतींत लागेल. कॉम्प्युटर शिकायला आलेली हडळ. उलट्या पावलांमुळे तिला खुर्चीत सरळ बसता येत नाही. पुढे काचेच्या इमारती उठल्या तेव्हा कार्ड नाही म्हणून आत न सोडलेलं पिशाच्च, आणि त्याला रोज व्हिजिटर म्हणून नोंद करायला लावणारा सिक्युरिटीवाला. देखाव्यांसाठी केलं, कॅसेटी काढल्या, केबलवाल्याच्या चॅनलसाठी केलं. तू लिहायचीस, मी कापायचे. मी कापलं की तू म्हणायचीस, "तुह्या हातात कात्री अन् मनात दगड हाय." मी ती स्तुती समजायचे.

आणि आपला नियम. हा नियम आता मी इतक्यांदा मनात म्हणून पाहिलाय की त्याचे शब्द झिजलेत. नवी गोष्ट आधी तोंडी सांगायची, आणि ती स्वतःवर घडतेय अशीच सांगायची. गोष्ट आहे असं म्हणायचं नाही. ऐकणारीने 'खरं का?' असं विचारायचं नाही. विचारलं तर ती हरली, मग तिने सांगणारीच्या घरी जाऊन चहा करायचा. ऐकून झालं की सूचना द्यायच्या, आणि त्यानंतर सांगणारीकडून कागद येईपर्यंत फोन नाही, भेट नाही. लिहिणारीला लिहू द्यायचं. कधी दोन आठवडे लागायचे, कधी तीन महिने. तू एकदा सांगितलं होतंस की तुझ्या सासूबाई रोज सकाळी तुझ्या चपला घालून बसतात आणि त्यांच्या पायाखालची फरशी ओली होते. मी तेव्हाही विचारलं नव्हतं, आणि त्या तेव्हा जिवंत आणि ठणठणीत होत्या. मी एकदाही हरले नाही. याचा मला अभिमान होता, उज्जू.

आता आप्पांचा विषय. तो आपण कधी संपवला नाही.

माझ्या आप्पांना दमा होता. आपल्या एका देखाव्यात म्हातारं घरमालक भूत होतं, भाडं थकलं की खोकणारं. तू म्हणालीस, खोटा खोकला काहून घ्यायचा, घरात खरा असून? आप्पा खुशीत माइकसमोर बसले. खोकून झाल्यावर विचारलं, "कॅसेटवर माझं नाव येणार का?" तू वेष्टनावर छापलंस, 'खोकला: आप्पा'. ते वेष्टन त्यांनी डॉक्टरांनाही दाखवलं. मग पावसाळ्यात आप्पा गेले. गणपती आले तेव्हा त्यांचं सगळं होऊन चारच दिवस झाले होते. मी भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर परत करायला निघाले होते. रिक्षा मंडळापाशी अडली आणि कर्ण्यातून माझे आप्पा खोकले. सगळा चौक हसला. परत खोकले, परत हसला. मी सिलिंडर धरून रिक्षात बसून राहिले.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. "तुला तो काढता आला असता," मी म्हणाले.

"आला असता. नाही काढला."

"का?"

"आप्पांना आवडलं असतं म्हणून."

"ते तू ठरवणार?"

"मंग कोण ठरवन? ते तर गेले."

मी म्हणाले, "मरण हे तुझं सामान नाही, उज्जू. वाटेल तिथे मांडायला." तू तशाच त्या गॅस संपलेल्या चेहऱ्याने म्हणालीस, "मंग कोनाचं हाय? रडनाऱ्यांचं एकट्याचं हाय का? दुसऱ्याचे बाप फोटोत बसून राह्यले. तुहा बाप दहा दिवस लोकांना हसवून राह्यला." मी दार आपटून गेले. पाच महिने आपण बोललो नाही.

परत आले ते तुला माफ करून नव्हे, हे तुला कधी सांगितलं नाही. त्या पाच महिन्यांत एका रविवारी मी आप्पांचा आवाज कुठे आहे का, ते शोधलं. लग्नांच्या, मुंजींच्या टेपा ऐकल्या. आप्पा कुठेच नव्हते. ते कायम पंगतीत वाढत असायचे, माइकपासून लांब. सगळ्या घरात त्यांचा आवाज म्हणून एवढाच, तू घेतलेला खोकला. तो मी डेकवर लावला आणि आईने आतून हाक मारली, "अहो, पाणी घ्या." दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग आम्हाला जे हसू आलं, तसं हसू मला आयुष्यात परत आलेलं नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "मेला आणि तरी खोकतोय." त्या दिवशी मला कळलं की तुझं बरोबर असू शकतं. तरी तुझ्यापुढे मी ते मान्य केलं नाही. तू विचारलंस, राग गेला का, आणि मी म्हणाले, नाही, पण काम पडलंय. उज्जू, तुझं बरोबर होतं. पाच महिने मी फुकट घालवले. थँक यू म्हणायचं राहिलं. किती सोपं होतं म्हणायला.

मग आपले रस्ते लांबले. तुझं लग्न झालं, इरा झाली, विलासरावांना नगर रोडला नोकरी म्हणून तुम्ही वाघोलीला फ्लॅट घेतलात. तेव्हा तिथे शेतं होती. मी क्लास सोडून सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झाले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, याचा पगार. तू म्हणालीस, "जे काम तू फुकट करत होतीस, त्याचे पैसे द्याले लोक तयार झाले. याले म्हनतात उदारीकरण." शनिवार पेठ ते वाघोली हा प्रवास पुढे पुढे गावाला गेल्यासारखा झाला. भेटी सणासुदीवर आल्या. पण नियम फोनवर चालू राहिला. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात उभी राहून तुझी भुतं ऐकायचे आणि आजूबाजूच्या मुलांना वाटायचं, मॅडमना अमेरिकेचा क्लायंट भेटलाय.

श्रावणातला तो फोनही तिथेच आला. दुपारचे तीन वाजले असतील. आमचा रिलीज दोन दिवसांवर होता. तू नमस्कार-चमत्कार न करता म्हणालीस, "मंजू, माह्या डाव्या हातानं व्हीआरएस घेतली."

मी तिथेच हसले. पिंपरीच्या अर्ध्या कारखान्यांतली माणसं व्हीआरएस घेऊन घरी बसलेली आपण पाहिली होती. तू डावखुरी, म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना कामगार गेला. तू पुढे सांगत राहिलीस. हात आधी कप सोडायला लागला. मग कणीक मळताना मधेच थांबायचा. आता नुसता मांडीवर येऊन बसतो, पाहुण्यासारखा. पाणी विचारलं तर घेत नाही आणि जातही नाही. आरतीला टाळ्या वाजवाव्यात तर उजवा एकटाच हवेत हलतो. डॉक्टरांनी मशीनमध्ये घातलं. आतून कोणीतरी ठोकत होतं. तू म्हणालीस, अरे इथे आधीच कोणी आहे, तर तिथला माणूस म्हणाला, काकू, बोलू नका, फोटो हलेल. मग फोटो आला. डोक्यात भाडेकरू निघाला. जुना, पागडीवर बसलेला, जागा न सोडणारा. डॉक्टर म्हणाले, काढायला गेलो तर डावीकडची भिंत पडेल, नाही काढला तर तो सगळं घर घेईल. तू विचारलंस, किती दिवस? ते म्हणाले, दिवाळीचं बघू. तू म्हणालीस, "बघू नका, नक्की सांगा. चकलीची भाजणी करायची का नाही ते ठरवायचं हाय."

मी कॅन्टीनच्या टेबलावर डोकं ठेवून हसले, उज्जू. डोळ्यांतून पाणी आलं.

मग तू बराच वेळ मधल्या दिवसांविषयी बोलत होतीस आणि मी घड्याळ बघत होते. सांगून झालं तशी तू थांबलीस. मी नेहमीसारखं सुरू केलं. भाडेकरू उत्तम. मशीनमधला ठोकणारा परत एकदा आला पाहिजे. चकलीवर लोक हसतील आणि मग घाबरतील, तिथे हात लावू नकोस. पण मधला भाग ढिला आहे, काही घडत नाही. काप. शेवट लवकर आण. मी बोलत होते आणि तू गप्प होतीस. आपल्या फोनवर गप्प बसणं म्हणजे लिहून घेणं. कुठल्या हाताने लिहून घेतेस, हे मला सुचलं नाही. मी चुका काढण्यात पटाईत बाई. माझ्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही.

तू म्हणालीस, "बरं." आणि मी म्हणाले, "कागद पाठव, वाट बघते."

मी खरंच वाट बघितली. नियमाप्रमाणे फोन केला नाही. गौरी-गणपतीत एकदा हात फोनकडे गेला आणि मी स्वतःला म्हणाले, लिहीत असेल, मधे पडू नकोस. नवरात्रात वाटलं, यंदा वेळ घेतेय म्हणजे नक्की चांगलं काहीतरी करतेय. ऑफिसात एका मुलीला मी कौतुकाने तुझ्या हाताची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "मॅम, सो क्रीपी!" आणि मला बरं वाटलं.

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'आई आज पहाटे गेली. इरा.'

मला हसू आलं. तुला आठवतं, इरा दुसरीत असताना तू तिच्याकडून मला फोन करवला होतास? 'मावशी, आई पंख्याला उलटी बसलीय आणि खाली ये म्हटलं तर येत नाही.' मला वाटलं, तू तेच परत केलंस. कागदाआधी शेवट पाठवलास, तोही मुलीच्या नावाने, एका ओळीत. मी सांगितलं होतं तसा लवकर. मी चहाचा कप हातात घेऊन उत्तर लिहिलं, 'हा शेवट चालेल,' आणि पाठवलं.

उत्तर आलं नाही. दहा मिनिटांनी मी त्या नंबरवर फोन केला. विलासरावांनी उचलला. मागे तुमच्याकडच्या बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि तसं रडणं रेकॉर्ड करता येत नाही हे आपल्या दोघींना चांगलं माहीत होतं.

मी पोचेपर्यंत तुला नेलं होतं. खराडीपाशी तासभर गाडी हलली नाही. पुढच्या खेपेला, तिसऱ्या दिवशी, इरा माझ्याशी बोलली. तीही आता आयटीत आहे, तुला सांगायला नको. बाल्कनीत उभी होती. तुझ्यासारखीच, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी.

"मावशी, एक विचारू? आईने फर्स्ट कॉल तुम्हाला केला होता. रिपोर्ट आले त्याच दिवशी. बाबांनासुद्धा तिने रात्री सांगितलं. तुम्ही का नाही आलात?"

मी बाल्कनीच्या कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघू लागले.

"ती म्हणाली, मंजूला सांगितलंय, आता ती येईल. दुपारी बेल वाजली की विचारायची, कोण आहे बघ. आम्ही म्हटलं फोन कर, तर म्हणायची नको, तिला माहीत आहे, तिची ती येईल. पंधरावीस दिवस विचारत होती. मग बंद केलं." मग म्हणाली, "आणि तुमचा तो मेसेज. मी बाबांना दाखवला नाही. पण डिलीटही होत नाहीये माझ्याकडून."

मी तिला नियम सांगितला. बाल्कनीत उभं राहून, भर दुपारी, पन्नाशीला आलेल्या बाईने. खरं का असं विचारायचं नाही. कागद येईपर्यंत फोन करायचा नाही. हरलेलीने चहा करायचा. सांगताना प्रत्येक वाक्य इतकं खोटं वाटत होतं की माझाच त्यावर विश्वास बसेना. इराने सगळं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "पण आईला माहीत होतं का? की तुम्हाला ही स्टोरी वाटली?"

मला माहीत नाही, उज्जू. सोळा दिवस मी याच एका प्रश्नावर येऊन थांबते. तुला कळलं असेल तर तू का बोलली नाहीस? एकदा म्हणायचंस, अगं बावळट, खरं सांगतेय. का नियम पाळत होतीस? मरतानाही? का तुला वाटलं की या वेळी तरी मंजू विचारेल, हरेल, चहा करायला येईल? आणि कळलं नसेल तुला, तर मग तुला असं वाटलं असणार की मी ऐकलं, समजले, आणि तुझ्या मरणातल्या उणिवा काढून फोन ठेवला. यांतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. मी दोन्ही घेऊन झोपते आणि दोन्ही घेऊन उठते. लोक म्हणतात, काळ जाईल तसं हलकं होईल. मेलेल्यांच्या विशेषणांची ती यादी मी कुठे ठेवली, ते शोधलं पाहिजे. त्यात हे वाक्य घालायचं राहिलं होतं.

तुझ्यावर कोणीतरी विनोद करावा असं मला फार वाटतं. आप्पांचं तू केलंस, तुझं कोणी करत नाही. मी करायला बसते आणि माझ्याच्याने होत नाही. तू म्हणायचीस तसं हसून मोकळं होता येत नाही; भीती मात्र आत शिरलीय आणि बसलीय. त्या वादात तू जिंकलीस असं मी वर कबूल केलं, पण आता मला तेही खात्रीने म्हणता येत नाही. रडणाऱ्यांचं एकट्याचं मरण नसतं, मान्य. पण हसणाऱ्यांनी त्याला ओळखलं पाहिजे ना गं, समोर आल्यावर. मी नाही ओळखलं. पंचवीस वर्षं आपण त्याचे इतके मुखवटे केले की ते खऱ्या तोंडाने आलं तेव्हा मी म्हणाले, मेकअप छान आहे.

परवा सभेहून घरी आले तर इराचा ईमेल होता. 'आईने मला सांगून टाइप करून घेतलं होतं. तुम्हाला पाठव म्हणाली होती. हॉस्पिटलच्या धावपळीत राहून गेलं. सॉरी.' सोबत फाईल. सात पानं.

आणि आता ते, जे मी इराला सांगितलं नाही आणि वरही लिहायचं टाळलं.

फोनवर तू सांगितलेल्या मधल्या भागात एक बाई होती. हात गेल्यानंतर ती रोज दुपारी यायची. खुर्ची ओढून बसायची, परातीत शेंगा घेऊन सोलायची. फार बोलायची नाही. मधेच तुझा डावा हात उचलून नीट ठेवायची, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करतात तसा. पाच वाजले की उठून जायची, उद्या येते म्हणायची. तू तिच्यावर फार वेळ घेतलास. ती चपला कुठे काढते, शेंगा सोलताना कुजकी निघाली तर तोंड कसं करते, सगळं सांगितलंस. मी म्हणाले, "उज्जू, ही बाई कशाला आहे? ती काहीच करत नाही. भूत पण नाही. काढून टाक, गोष्ट पळेल."

तू म्हणालीस, "पायजे होती गं मले."

मी म्हणाले, "नको. ढिलं पडतं."

मग तू म्हणालीस, "बरं."

फाईल मी तीन वेळा वाचली, पहिल्या ओळीपासून. हात आहे, मशीन आहे, आतून ठोकणारा दोनदा येतो, भाडेकरू आहे, चकली आहे. मी सांगितलं होतं तशी गोष्ट आता खरंच पळते. दुपारी तिच्याकडे कोणीही येत नाही.